मंद फिल्म

फोटोवाल्याने काउंटरच्या काचेवर फोटो पसरले आणि तो हसला. "लेकीच्या पायाला भिंगरी आहे वाटतं."

समोरचे नवरा-बायको हसले नाहीत. त्यांना यातला एक फोटो मोठा करून हवा होता. भिंतीवर लावण्याएवढा.

प्रत्येक फोटोत खोली लख्ख आली होती. खुर्चीच्या वेताची वीण, पडद्याची उसवलेली शिवण, टेबलावरच्या कपाचा टवका उडालेला कान. मुलगी तेवढी पुसट. कुठे फ्रॉकचा फराटा, कुठे दोन वेण्या आणि मध्ये चेहऱ्याच्या जागी नुसता धूर.

"मंद फिल्मचं हे असंच," फोटोवाला म्हणाला. "तिला उजेड फार लागतो. घरात काढायचं म्हणजे शटर बराच वेळ उघडं राहतं. तेवढ्यात जे हललं, ते गेलं."

"मीच मागून घेतली होती," वडील म्हणाले. "फोटो मोठा केला तरी दाणे दिसत नाहीत, म्हणून. दर वेळी ओरडायचो तिच्यावर. हलू नकोस, हलू नकोस."

"मग इकडेच घेऊन या की तिला. वेगवान फिल्म घालतो. नाचू दे बाईसाहेबांना हवं तेवढं."

वडिलांनी खिशातून चष्मा काढला, पुसला आणि न लावताच परत खिशात ठेवला.

"ती गेली," आई म्हणाली. "आजारी होती."

हातांना काहीतरी काम हवं म्हणून फोटोवाल्याने फोटो चाळले आणि अगदी तळाचा वर काढला. "हा चांगला आलाय. बघा ना, पापणी न् पापणी दिसतेय."

पलंगावर उशीला टेकून मुलगी सरळ कॅमेऱ्याकडे पाहत होती. चादरीवर ठेवलेले हात, बोटं, नखं, सगळं स्वच्छ.

"त्या दिवशी सांगावंच लागलं नाही," वडील म्हणाले.

मग आईने तो फोटो उचलून पालथा ठेवला आणि दुसरा पुढे सरकवला. दाराकडे धावतानाचा, वेण्या उडालेल्या.

"हा करा मोठा."

"वहिनी, यात चेहराच नाही. मोठा केला की आहे तेही विरून जाईल."

"असू दे," ती म्हणाली. "पळतेय ना."