मोरीचं पाणी

“खण,” गोकुळदास भाटकार म्हणाले आणि नळखात्याचा सगुण कुदळ घेऊन केळीच्या बुंध्याशी वाकला.

डिचोलीत मे महिना होता. नळाला दिवसाआड तासभर पाणी यायचं. भाटकारांच्या घरामागे त्यांचीच चाळ होती. तिथली सहा बिऱ्हाडं त्या तासाभराच्या बारीक धारेखाली घागरी लावून बसायची. आणि अशा दिवसांत चाळीतल्या देवकीच्या दारामागे पाच केळी हिरव्यागार उभ्या होत्या, खाली अळू माजलं होतं. भाटकार घराच्या मागच्या बाजूला कधी फिरकत नसत. त्या सकाळी माडीच्या खिडकीतून त्यांना त्या केळी दिसल्या आणि मातीतून वर आलेलं पाइपाचं तोंडही दिसलं. बाईनं आपल्या नळाला चोरून पाइप जोडलाय, हे त्यांना एका नजरेत कळलं. त्यांना बहुतेक गोष्टी एका नजरेतच कळत.

सावंतवाडीकडची ही माणसं खनिजाच्या ट्रकांबरोबर येतात आणि मिळेल ते उचलतात, असं ते चारचौघांत बोलत. देवकीचा नवरा प्रवीण असाच ट्रक चालवायचा. भाटकार स्वतः पाण्याच्या बाबतीत जागरूक होते. मार्चमध्ये शाळेत पाणीबचतीवर त्यांनी पाऊण तास भाषण केलं होतं. समोरच्या बाटलीतलं घोटभर प्यायले आणि उरलेल्या पाण्यानं व्यासपीठामागे हात धुतले.

चोरी सगळ्यांसमोर उघडी पडावी म्हणून त्यांनी सहाही बिऱ्हाडांना अंगणात उभं केलं होतं. पाइप सापडला की संध्याकाळपर्यंत खोली रिकामी, हेही सांगून टाकलं होतं. देवकीची अंकिता इथल्याच शाळेत नववीत होती. आपण नळाला हात लावला नाही, असं देवकीनं दोनदा सांगून पाहिलं. भाटकारांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

पाइप नळाकडे गेलाच नाही. वाटेत जमिनीत पुरलेलं एक पिंप लागलं, मग वाळू, खडी आणि करवंट्यांचा कोळसा भरलेला खड्डा लागला. तिथून तो वळला आणि भाटकारांच्याच मोरीच्या भोकाखाली संपला. आत कोणीतरी आंघोळ करत होतं. साबणाचं पाणी भळभळत पाइपात उतरत होतं.

पूर्वी हे पाणी गटारातून रस्त्यावर जायचं, देवकीनं सांगितलं. तिनं ते वळवलं, गाळलं. त्यावर केळी जगल्या, सहा बिऱ्हाडांचा संडासही त्याच पाण्यानं धुतला जायचा. म्हणून नळाचं पाणी प्यायला आणि रांधायला पुरायचं.

भाटकार हसले.

“म्हणजे आमच्या आंघोळीच्या पाण्यावर तुमची भाजी पिकता. चोरी केली असतीस तर बरी दिसली असतीस.”

त्यांनी लोकांना जायला सांगितलं, पण कोणी हललं नाही. सगुण मात्र खड्ड्याशी बसून राहिला. दिवसाला किती पाणी येतं, असं त्यानं देवकीला विचारलं. तीन पिंपं, ती म्हणाली. नळ येत नाही त्या दिवशीही तीन. सगुण विचारात पडला. या घराचा मीटर दर महिन्याला तोच वाचायचा, आणि त्या मीटरवर दिवसाला एक पिंपही पडत नव्हतं. तो उठला, चाळीकडे जाणाऱ्या नळापाशी गेला आणि न विचारता खणू लागला.

भाटकार देवकीजवळ सरकले. पाच वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तिला ‘बाय’ म्हटलं. चाळीच्या नळातून घराच्या टाकीला एक जोडणी गेली आहे, ते हलक्या आवाजात म्हणाले. ती प्रवीणनं परस्पर केली असं तिनं सांगावं. मग हवी तितकी वर्षं खोली तिची.

देवकीनं अंकिताकडे पाहिलं. मग रिकाम्या घागरींशेजारी उभ्या असलेल्या बायकांकडे पाहिलं. त्यांच्यातल्या दोघी पाण्यावरून रोज एकमेकींशी भांडत आल्या होत्या.

तेवढ्यात माती बाजूला झाली. चाळीच्या नळाला फुटलेली जाड नळी सगळ्यांना दिसली. ती सरळ भाटकारांच्या घराखाली गेली होती. ही जोडणी कोणाची, असं सगुणनं विचारलं. भाटकारांनी बोट देवकीकडे केलं.

“वर्षभर तुमचा वापरलेला पाणी मी घेतलंय, भाटकारानू,” देवकी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. “तुमची चोरी मी घेवचंय नाय.”