पाणी जातं कुठं

पाइपातून पाणी उतरत होतं, पण बोअरमध्ये चढत नव्हतं. दीपमालाने झाकणाच्या भोकातून सोडलेली दोरी हात हात करत वर ओढली. टोकाला बांधलेला लोखंडी नट कोरडा ठणठणीत होता. रात्रभर पाऊस झाला होता, तरी.

हा तिसरा पावसाळा. जालन्याला अंबड रोडच्या नव्या वसाहतीत तिने घर घेतलं, ते गच्चीचं पाणी बोअरमध्ये सोडलेलं आहे म्हणूनच. बिल्डरने घराच्या कागदांना त्याचा फोटोही जोडला होता. गच्चीवरून खाली आलेला, भिंतीच्या पायाशी जमिनीत शिरलेला पांढराशुभ्र पाइप. तिकडे बोअरजवळ गोटे आणि वाळू भरलेला गाळणखड्डा. मधलं सगळं फरशीखाली.

दीपमाला शाळेत विज्ञान शिकवायची. आपलंच काहीतरी चुकतंय, असं तिने आधी धरलं. पावसाचं पाणी जिरवण्याच्या दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला जाऊन आली, वहीभर टिपणं आणली. गच्ची झाडून घ्यायची, पहिल्या पावसाचं पाणी बाहेर सोडून द्यायचं, पाइपाच्या तोंडाला जाळी लावायची. तिने सगळं केलं. खड्ड्यातले गोटे बाहेर काढून घासून धुतले. गेल्या वर्षी भिंतीच्या पायाशी पाइपाचा सांधा गळायला लागला, तेव्हा तो तिने स्वतः चिकटवला. मग पाणी गच्चीवर तुंबलं आणि स्वयंपाकघराच्या छताला ओल आली. सांधा परत सुटला. तिने परत चिकटवला. परत ओल आली.

सासूबाई बेबीनंदा दारातल्या खुर्चीवर बसून हे सगळं बघत. त्या टोमणा मारत नसत, पण एकदा म्हणाल्या होत्या, "बाई, पाणी पडतं ते दिसतं. जातं कुठं ते कुणाला दिसलं?"

दीपमालाला ते झोंबलं होतं. शाळेत मुलांना फळ्यावर आकृती काढून दाखवताना आता तिचा हात अडखळायचा.

आज सकाळी तिने गाळणखड्ड्याचं झाकण उचललं. एवढा पाऊस होऊनही गोट्यांवर धूळ होती आणि कोळ्याचं जाळं शाबूत होतं. म्हणजे पाइप मध्येच कुठंतरी तुंबला होता. तिने हार्डवेअरच्या दुकानातून एका प्लंबरचा नंबर घेतला आणि फोनवर त्याला तीन वर्षांची सगळी कहाणी ऐकवली. पलीकडचा माणूस मध्ये एक शब्द बोलला नाही. शेवटी त्याने फक्त पत्ता विचारला.

दुपारी तो आला. संघपाल नाव, चाळिशीचा, हातात पहार आणि फावडं.

"इथून बघा, दादा," दीपमाला गाळणखड्डा दाखवत म्हणाली. "या बाजूला तुंबलं असणार."

त्याने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. तो भिंतीपाशी गेला, पाइप जमिनीत शिरत होता तिथली फरशी त्याने पहारीने उचलली आणि खोदायला लागला. काळी माती चिखल होऊन फावड्याला चिकटत होती. दीपमाला वर उभी राहून बघत होती. ऐकायचंच नव्हतं तर फोनवर सगळं ऐकून घेतलं कशाला, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं.

दीड फुटावर पाइप संपला.

पुढे काही नव्हतं. करवतीने कापलेलं तोंड, त्यात घट्ट बसलेला मातीचा बोळा, आणि त्याच्यापुढे नुसती माती. गाळणखड्ड्यापर्यंत, बोअरपर्यंत, सगळीकडे माती.

दीपमाला खाली बसली. तीन वर्षांत झाडलेली गच्ची, धुतलेले गोटे, चिकटवलेला सांधा, सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं. ती म्हणाली, "ज्याने हे केलं ना, त्याला एकदा इथं आणून उभं करायला पाहिजे."

बेबीनंदांनी संघपालपुढे पाण्याचा पेला धरला. "घे बाबा. जारचं हाय, इकत आणलेलं."

त्याने पेला घेतला, पण तोंडाला लावला नाही. तसाच फरशीवर ठेवला.

"उभाच हाय, मॅडम," तो म्हणाला. "हा पाइप म्याच बसवला व्हता. बिल्डर म्हणला, फोटोपुरता घाल. म्या घातला. मला वाटलं, कोण बघतंय."

बेबीनंदांनी सुनेकडे पाहिलं. दीपमालाला राग आवरत नव्हता, आणि समोरचा माणूस मान खाली घालून तिचा राग सरायची वाट बघत होता.

"फोनवर सांगता आलं असतं," शेवटी ती म्हणाली.

"आलं असतं. पण मंग तुमी दुसरा बोलावला असता."

"आता पुढे पाइप किती लागेल?"

"वीस फूट. म्या आणलाय."

त्याने फाटकाकडे बोट दाखवलं. बाहेर मालाची रिक्षा उभी होती आणि तिच्यात पाइपांचा दोरीने आवळलेला भारा होता. भारा एवढा मोठा, की पाइपांची टोकं मागे रस्त्यावर हातभर आली होती.

"एका घराला एवढा कशाला?" दीपमालाने विचारलं.

संघपालने फावडं पुन्हा हातात घेतलं.

"या गल्लीत अकरा घरं म्याच केलीत, मॅडम. तुमचं पयलं."