दोन्ही हातांत लाडू

शेवटची चढाई उरली होती आणि नांदेडचं कॉलेज एका गुणानं पुढं होतं. गफूर सरांनी टाइमआऊट मागितला तशा त्यांच्या नांदेड संघाच्या मुली धापा टाकत भोवती गोळा झाल्या.

"सर, लातूरकडून तुमची लेक सालेहाच येऊन राहिली," कप्तान ऋतुजा म्हणाली. "हिला कसं धरायचं? लवकर सांगा न."

मागच्या खुर्च्यांवरून कॉलेजचे क्लार्क शेषेराव ओरडले, "सरांला कशाची काळजी हो! दोन्ही हातांत लाडू हायत!"

सगळे हसले. सरही हसले. अशा वेळी हसावंच लागतं. लाडू खरेच दोन होते, पण सकाळपासून एकही तोंडाकडं नेता आला नव्हता. लेकीनं गडी टिपला की टाळीसाठी हात उठायचे आणि सर ते ट्रॅकसूटच्या खिशात कोंबायचे. इकडच्या मुलींनी तिला पाडलं की 'शाब्बास' म्हणायचे आणि ती नीट उठली का ते चोरून बघायचे. तिनं जिंकावं असं त्यांना वाटत होतं. फार वाटत होतं. आणि या मुली त्यांच्या तोंडाकडं बघत होत्या.

सालेहाची खोड जगात एकाच माणसाला नीट ठाऊक होती, तिला घरामागच्या मोकळ्या जागेत दम धरायला शिकवणाऱ्या माणसाला. परत निघताना ती कायम आपल्या डावीकडून वळायची. लाख वेळा टोकलं, पण सुटली नाही.

'मला काय माहीत' म्हटलं असतं तरी भागलं असतं. कोण झाडा घेणार होतं?

"तिच्या डावीकडून फिरते," सर म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला. "कायम. त्या बाजूला जास्त जणी थांबा. वळली की घोटा धरा."

मध्यरेषेपलीकडं सालेहा उभी होती. तिनं एकवार बापाकडं पाहिलं. सरांनी मान खाली घातली.

शिट्टी झाली. 'कबड्डी कबड्डी' करत ती खोल आत शिरली. डावीकडं मुली दबा धरून होत्या. आणि सालेहा उजवीकडून फिरली, जन्मात पहिल्यांदा. तिकडच्या दोघी गाफील होत्या. दोघींनाही शिवून तिनं मध्यरेषेवर अंग झोकून दिलं. लातूरची पोरं नाचत मैदानात घुसली.

ऋतुजा सरांसमोर येऊन उभी राहिली. रडत नव्हती.

"डावीकडून फिरते म्हनले होते न सर तुम्ही?"

खरं होतं ते सांगून झालं होतं. आता त्याहून खरं कुठून आणायचं?

तेवढ्यात सालेहा धावत आली आणि त्यांच्या कानाशी लागली. "तुम्ही त्यांना खोटं सांगणार नाही, मला माहीतच होतं अब्बा. म्हणून तर उजवीकडून फिरले."

बापलेकीची कुजबुज सगळ्या मुलींनी पाहिली. ऐकली एकीनंही नाही.

"टाळी द्या की, अब्बा!" सालेहानं मातीनं माखलेला पंजा पुढं केला.

सरांचा हात खिशातल्या खिशात उघडला, आणि तिथंच मिटला.