मुकुंदरावांचा शोध

"अशी जागा हेरायला नजर असावी लागते!" सासवड रस्त्यावरच्या त्या बागेतल्या हॉटेलात वेताची खुर्ची ओढत मुकुंदराव बायकोला म्हणाले. बँकेतून निवृत्त झाल्यापासून ते शालिनीबाईंना दिवसभर काही ना काही शिकवत असत. कणीक किती मळावी, हेसुद्धा.

मधुमालतीच्या मांडवाखाली चार टेबलं होती आणि एका बुलबुलाखेरीज कुणी बोलत नव्हतं. ती उणीव मुकुंदरावांनी भरून काढली. "काय शांतता आहे! तुला नाही कळायच्या अशा जागा. गुरुवारी दत्ताचं देऊळ, की संपलं तुझं जग."

शालिनीबाई मांडवाकडे बघत राहिल्या.

तेवढ्यात मालकीणबाईंनी न सांगताच शालिनीबाईंपुढे गवती चहा आणून ठेवला. "ताई, आज गुरुवार नसताना? आणि चक्क सोबत कुणीतरी!"

मुकुंदरावांनी चष्मा काढून पुसला. इतके गुरुवार ही नजर कुठे गेली होती, देव जाणे. मग त्यांनी हळूच विचारलं, "आणि दत्ताचं देऊळ?"

"हेच ते," शालिनीबाई चहा फुंकत म्हणाल्या. "आता दुसरं शोधायला हवं."