रात्रभर टिकणारा दिवा

"आजही बंद?" नाफेझ दारातूनच खेकसला.

घरात अंधार होता. आई मांडीवर रेडिओ घेऊन बसली होती, गेले तीन दिवस संध्याकाळी बसायची तशीच. खान युनिसच्या निर्वासित छावणीत वीज गेली होती, ती अजून आठ तास तरी येणार नव्हती. आणि त्याने खास आईसाठी केलेला दिवा भिंतीवर नुसता लटकत होता. नाफेझचं डोकं सटकलं.

तो काही ऐरागैरा दिवा नव्हता. साधा रेझिस्टन्स टाकून बॅटरीवर एलईडीची पट्टी पेटवणारे गल्लोगल्ली होते. त्यात अर्धी बॅटरी रेझिस्टन्स तापवण्यातच जायची. नाफेझने चिप मिळवून ड्रायव्हर सर्किट बसवलं होतं. बॅटरी उतरत गेली तरी उजेड तसाच, आणि तोही रात्रभर. त्याच्या दुरुस्तीच्या दुकानात लोक तसाच दिवा मागायला यायचे. पिकतं तिथे विकत नाही, ते असं.

पण खरं दुखणं वेगळंच होतं. रिबही नावाचा त्याचा थोरला भाऊ चार वर्षांपासून तुरुंगात होता. त्याने नको तिथे पाय घातला आणि घराचं ओझं नाफेझच्या गळ्यात पडलं. त्याचं नाव या घरात काढायचं नाही, असं नाफेझने आईला बजावलं होतं. तिने काढलंही नाही. पण रिबहीची आई म्हणून सगळी छावणी तिला उम्म रिबहीच म्हणे. उम्म रिबही, मीठ आहे का? उम्म रिबही, पाणी आलं का? प्रत्येक हाकेला नाफेझचं टाळकं फिरायचं. तो स्वतः तिला फक्त यम्मा म्हणायचा.

"माझ्या हातचा उजेडसुद्धा नको तुला," तो म्हणाला. "त्याने केला असता तर छातीशी धरून बसली असतीस."

त्याने रागाने दिव्याचं बटण दाबलं. खोली लख्ख उजळली आणि रेडिओ खरखरायला लागला. रेडिओवर मघापासून संथ बोलणारा माणूस त्या खरखरीत बुडाला. आई झटकन वाकली आणि तिने रेडिओला कान लावला.

नाफेझने बटण बंद केलं. खरखर थांबली. तो माणूस नावं वाचत होता. या आठवड्यात वकील तुरुंगात ज्यांना ज्यांना भेटून आले, त्यांची.

ती चिप भराभर चालू-बंद होते आणि तिची खरखर रेडिओत घुसते, हे नाफेझला कळायला हवं होतं. रेडिओ दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला होता. त्याला स्वतःचीच भयंकर चीड आली.

"सांगितलं का नाहीस, यम्मा?"

"तूच म्हणालास, त्याचं नाव काढायचं नाही."

यादी संपेपर्यंत दोघं अंधारात बसून राहिले. रिबहीचं नाव आलं नाही.

सकाळी दुकानात नाफेझने तोच दिवा उघडला, चिप उपटली आणि साधा रेझिस्टन्स डाख देऊन जोडायला घेतला. शेजारचा चहावाला अबू झोहदी बघत उभा राहिला आणि हसायला लागला.

"अर्ध्या रात्रीतच बॅटरी बसेल याने. कुठल्या येड्या गिऱ्हाइकाचा दिवा आहे हा?"

"उम्म रिबहीचा," नाफेझ म्हणाला.