रूपालीच्या वाट्याची खीर

"जरा बर्फ दाखव की गं," कोंडाबाई मोबाईलमध्ये तोंड घालून म्हणाल्या.

पडद्यावर त्यांची भाची होती. गळ्यापर्यंत स्वेटर, मागं खिडकीला निळा पडदा.

"आत्या, सकाळचे सात वाजलेत इथं. उजाडलं नाही अजून," रूपाली म्हणाली.

इकडे घरी, काचीगुड्यात, साडेअकरा झाले होते. साडेचार तास वजा करायचे, हे गौतमला तोंडपाठ होतं. लेक जर्मनीला शिकायला गेल्यापासून ऑफिसात भेटेल त्याला तो हे गणित शिकवायचा.

"मग खिडकी तरी उघड. दिव्याच्या उजेडात दिसंल."

"राहू द्या हो वन्सं," वंदना स्वयंपाकघरातून म्हणाली. "गार वारं आत येईल. आधीच तिला सर्दी होते."

रूपालीच्या कपाळावर घाम होता.

"घाम फुटलाय की तुला," गौतम म्हणाला.

"हीटर आहे पप्पा."

"आणि ती खालची बया? चिठ्ठीवाली?" कोंडाबाईंनी विचारलं.

त्यांना तो किस्सा भारी आवडायचा. रविवारी कुकरची शिट्टी झाली म्हणून खालच्या बाईनं रूपालीच्या दारावर चिठ्ठी चिकटवली होती. रविवारी आवाज करायचा नाही, असा नियमच असतो म्हणे तिथं. हे ऐकल्यावर कोंडाबाई आठ दिवस हसत होत्या. रूपाली मात्र त्यानंतर पंधरा दिवस ब्रेडवर राहिली होती.

"ती बोलत नाही. कुणीच बोलत नाही आत्या. जिन्यात भेटले तर नुसती मान हलवतात. आधी वाटायचं, माझंच काही चुकलं का. आता काहीच वाटत नाही."

धडा वाचल्यासारखं म्हणाली. दिवाळीपासून ती हेच सांगत होती, याच शब्दांत.

वंदना पळी हातात घेऊनच बाहेर आली. "जेवतेस ना?"

तिचा एवढाच प्रश्न असायचा. मार्क, बर्फ, प्रोफेसर, हे सगळं बाकीच्यांनी विचारावं.

"हो मम्मी."

"पोटभर?"

"रविवारी पोटभर."

"बरं," वंदना म्हणाली आणि आत गेली.

फोन बंद झाल्यावर गौतम तसाच बसून राहिला. विहाराच्या कमानीवर लेकीच्या सत्काराचा बॅनर अजून होता. उन्हानं तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण गौतम तो उतरवू देत नव्हता. वस्तीतून परदेशी गेलेली ती पहिलीच पोरगी.

"वाळलीय फार," तो म्हणाला. "पण माघारी येते म्हणाली नाही कधी. तेवढंच बरं. आली असती तर काय तोंड दाखवलं असतं आपण?"

वंदनानं गॅस बारीक केला. तिला खरं तर रडू यायला हवं होतं. दोन महिने झाले, येतच नव्हतं. पोरगी दोन घास खाते का, एवढंच तिला कळायला हवं होतं.

माघ पौर्णिमा होती. खिरीचं मोठं पातेलं विहारात न्यायचं होतं. कोंडाबाईंनी कालचा ठेच्याचा डबा परत मागितला, तेव्हा वंदनानं त्यात आधी चमचाभर साखर टाकली.

"अगं, घरच्या घरी कशाला हे?"

"रिकामा डबा कसा देऊ?"

या घरातून तो कधी गेला नव्हता. रूपाली लहानपणी एकदा शेजारी रिकामाच डबा देऊन आली होती. वंदनानं तिच्या मुठीत साखर देऊन भर उन्हात परत पिटाळलं होतं. पुन्हा तिला सांगावं लागलं नाही.

मग वंदनानं स्टीलचा एक छोटा डबा खिरीनं भरला.

"रूपालीच्या वाट्याचा?" गौतमनं विचारलं.

"हं. देऊन येते. तुम्ही व्हा पुढं."

दर रविवारी ती असा वाटा काढायची आणि कुणाला तरी नेऊन द्यायची. गौतमला वाटायचं, कुणा उपाश्याच्या पोटात जात असेल. त्यानं कधी हटकलं नाही. डोळे पुसत त्यानं पातेलं उचललं आणि बहिणीला घेऊन विहाराकडे निघाला.

वंदनानं ऑटो केला. सुलतान बाजारात उतरून ती कापडदुकानांमागच्या गल्लीत शिरली. गल्लीच्या टोकाला नोकरी करणाऱ्या मुलींचं हॉस्टेल होतं. मागच्या दारानं ती थेट मेसमध्ये गेली. मेसवाली अक्का भाताचं पाणी वेळत होती.

"आ गए अम्मा? मैं सोची, आज तुम्हारा त्योहार, नहीं आते."

"रूपाली खाती?"

"हौ. दिवाली में आई तब से खाली चाय पीती थी. अब इतवार को प्लेट साफ. मैं बोलती, मैंच बनाई."

वंदनानं मान हलवली. बाहेर येऊन वर पाहिलं. तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीला निळा पडदा ओढलेला होता.

दोन महिन्यांपूर्वी, बांगड्यांच्या दुकानासमोर, तिला पोरगी पाठमोरी दिसली होती. वंदना हॉस्टेलच्या दारापर्यंत मागं मागं आली, पण हाक मारली नाही. मारली असती तर ती पुन्हा पळाली असती, आणि या वेळी कुठं ते कळलं नसतं. आईला कळलंय हे तिला कळता कामा नये, बस्स.

"अम्मा, ठैरो!" अक्का मागून आली. "पिछले हफ्ते का डब्बा. बच्ची पूछी, डब्बा किधर है. खुद धोई, खुद ढक्कन लगाई."

डबा हलका होता. पण हातात घेताना आत काहीतरी सरकलं.

वंदनानं झाकण उघडलं. तळाशी चमचाभर साखर होती.