वाडीने ठरवलेला वाईटपणा

सावित्राबाईची नात हिरी जन्मली ते साल १९६४. तिच्या पाचवीच्याच दिवशी पुण्याचे दोन विद्यार्थी, शालिनी आणि प्रभाकर, कुरवंड्याच्या वरची ठाकरवाडी चढून आले. लोणावळ्याला गाडीतून उतरून ते पायीच आले होते. शालिनीच्या चपलेचा अंगठा वाटेतच तुटला होता. प्रभाकरला बोलायलाही दम उरला नव्हता.

सावित्राबाईने दोघांना पाणी दिलं. वर्षभर वाडीत राहिलेला सखाराम पुढे आला तशी शालिनी म्हणाली, "तुम्ही जरा लांब बसा. नियम माहीत आहे ना?"

सखाराम हसला आणि जांभळीखाली जाऊन बसला. तिथूनही अंगणातलं बोलणं ऐकू येत होतं.

नियम विद्यार्थ्यांनीच केलेला होता. पुण्याच्या एका कॉलेजातल्या मुलामुलींनी सेवावृत्ती काढली होती. तिचा सगळा कारभार तेच पाहत. दरवर्षी शिकून बाहेर पडणाऱ्यांतून ते एकाला निवडत. त्याने नोकरी न धरता वर्षभर आपली विद्या गरिबांच्या कामी लावायची. त्याच्या जेवणाखाणाचं बाकीच्यांनी आपल्या खर्चातून भागवायचं. वर्ष सरलं की दोघांनी तिथे जाऊन लोकांनाच विचारायचं. माणूस उपयोगी पडला असं लोक म्हणाले, तर त्याला आणखी एक वर्ष. नाहीतर त्याने परत यायचं.

सखाराम नवलाख उंबऱ्याच्या शेतकऱ्याचा मुलगा. नुकताच वकील झालेला. घरचे म्हणत होते, पुण्यात वकिली कर, नाव काढ. त्याला मात्र या वाडीतच राहायचं होतं. आज त्याचा निकाल लागायचा होता.

"सखारामने वर्षभर काय काय केलं?" शालिनीने विचारलं.

सावित्राबाईचा मुलगा नवशा समोरच बसला होता. दिवाळीत कोळशाच्या ठेकेदाराने त्याच्यावर चोरीचा आळ घेतला होता. सखारामने वडगावच्या कोर्टात खेटे घालून त्याला सोडवलं होतं. नाहीतर पोरीच्या पाचवीला बाप घरात नसता.

नवशाने आईकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "काय न्हाई. झोपतोय."

"करवंदं तोडाया ग्येलता," वाडीतला जाणता बहिरू म्हणाला, "तर ह्याचं काटं काढाया आमी दोघं लागलो. असला वकील!"

"जेवतो मातर लय!" आतून बाळंतीण चिंगी ओरडली. बाया पदर तोंडाला लावून हसल्या.

"आणि ती कोर्टाची केस?" प्रभाकरने विचारलं.

"ती व्हय?" नवशा मातीत बोट फिरवत म्हणाला. "ती आपसूक सुटली."

जांभळीखाली सखाराम काटकीची साल सोलत होता. त्याचे हात थांबले. तो उठला आणि दरीकडे तोंड करून उभा राहिला.

शालिनीचा चेहरा उतरला. निवडीच्या वेळी तिनेच सखारामचं नाव लावून धरलं होतं. ती सावित्राबाईजवळ सरकली. "मावशी, तुम्ही तरी खरं सांगा."

"आता काय सांगू, बाई? बिनकामाचं प्वार हाय. तुमच्या पुन्यात तर त्याला कुनी दारात हुबं करनार न्हाई."

शालिनी तुटकी चप्पल पायात सरकवू लागली. मग उठली. "सखाराम, सामान बांधा. संध्याकाळच्या गाडीने आमच्याबरोबरच चला."

नवशा ताडकन उभा राहिला.

"कुटं न्येता त्याला?" सावित्राबाईने विचारलं.

"पुण्याला. त्याचा काही उपयोग नाही, असं तुम्हीच म्हणालात ना?"

"अगं, म्हनून तर त्याला हितं ठेवायचा!"

सावित्राबाईला एका जागी उभं राहवेना.

"आमच्या साळंवर एक मास्तर व्हता. सायेब आलं, म्हनलं, मास्तर कसा हाय? आमी भोळी मानसं. म्हनलं, सोन्यावानी हाय. तर त्याला बढती दिली आन् शहराकडं न्येला. तवापासनं साळंला कुलूप हाय. म्हनून काल समदी बसलो. ठरवलं, ह्याला वाईटच म्हनायचं. ह्या नवशाला तर दोनदा शपथ घातली, त्येच्या तोंडातनं वाईट निघंना."

बहिरूने डोक्यावरचं मुंडासं काढून हातात घेतलं. नवशा तोंड फिरवून डोळे पुसत होता.

सावित्राबाईने शालिनीचा हात धरला. "चांगला म्हनलं तर न्येता, वाईट म्हनलं तरी न्येता. मंग आमच्या वाडीत ऱ्हायाचं तरी कुनी?"

शालिनीने प्रभाकरकडे पाहिलं. प्रभाकर कधीच पायातले बूट काढून मांडी घालून बसला होता.

"पाचवीचं जेवण आहे ना आज?" ती शेवटी म्हणाली. "जेवून जातो, मावशी. आम्ही दोघंच जातो."

नवशा पळत जांभळीकडे गेला आणि सखारामला हाताला धरून अंगणात घेऊन आला. आतून चिंगीने विचारलं, "ऱ्हायला का?" आणि उत्तराची वाट न पाहता पोर सखारामच्या मांडीवर ठेवायला बाहेर पाठवून दिलं.

दुसरं वर्ष संपलं तशी सेवावृत्ती नियमाप्रमाणे दुसऱ्या मुलाकडे गेली. सखाराम कुठेच गेला नाही.

सावित्राबाई १९७३ सालच्या माघात वारली. तिरडीला पुढून नवशाने खांदा दिला, मागून सखारामने.